वाडीतलं एकही मत घरी राहू नये म्हणून

कोकणात मतदान कमी का होतं असं विचारलं की उत्तर तयार असतं: लोक वैतागलेत. ते खोटं नाही. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाचं काम २०११ साली सुरू झालं. त्या वर्षी पहिलीत गेलेली पोरं बारावी होऊन मुंबईला नोकरीला लागली, तीही खड्ड्यांतूनच. वैताग येणारच. पण प्रत्येक निवडणुकीत वाडीत घरोघर फिरताना मला दिसतं ते जरा वेगळं आहे. घरी राहिलेली बरीचशी मतं रागामुळे राहिलेली नसतात. कुणाचं यादीत नाव नसतं, कुणाला केंद्र बदलल्याचं कळलेलं नसतं. म्हातारीला घाटी चढवत नाही, मुलगा विरारला असतो, होडी समुद्रात असते. आणि संध्याकाळी तोच माणूस खळ्यात बसून म्हणतो, "जावन तरी काय होतला?" अडचण आधी येते, निराशा तिच्या मागून.

७ मे २०२४ ला रायगड आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग या दोन्ही लोकसभा मतदारसंघांत मतदान झालं. टक्केवारी साठ-बासष्टच्या आसपास राहिली. म्हणजे पाच मतदारांतले जवळजवळ दोघं केंद्रावर गेलेच नाहीत. ही माणसं परत आणायची तर मोठ्या सभेचा उपयोग नाही. आपल्या वाडीतली वीस-पंचवीस घरं एका माणसाने मनावर घ्यावी लागतात. तो एक माणूस तुम्ही व्हायचं ठरवलं असेल, तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

सुरुवातीलाच एक पथ्य. हे काम करताना कुठल्याही पक्षाचा गमछा गळ्यात नको आणि कुणाला मत द्या हा शब्द तोंडात नको. तुमचं स्वतःचं मत पक्कं असेल, ते केंद्रावर द्या. पण एका घरात प्रचार आणि दुसऱ्या घरात "मतदान करा" असं करायला गेलात, तर तिसऱ्या घरात दार उघडणार नाही. वाडीत कोण कुणाचा हे सगळ्यांना माहीत असतं. म्हणून शक्यतो दोघांनी मिळून जा, आणि ते दोघं वेगवेगळ्या बाजूचे असले तर उत्तमच.

यादी हातात घ्या, आणि मोठ्याने वाचा

सगळ्यात जास्त मतं इथे वाचतात, म्हणून सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आपल्या केंद्राची मतदार यादी निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर भाग क्रमांकानुसार मिळते. बीएलओकडेही असते. बीएलओ म्हणजे केंद्राची यादी सांभाळणारा अधिकारी, बहुतेक ठिकाणी शाळेतले गुरुजी किंवा अंगणवाडी सेविका, त्यामुळे ओळख आधीपासून असतेच. यादीची छापील प्रत काढा. मोबाइलवर बघून हे काम होत नाही.

मग वाडीतल्या जुन्या जाणत्या बाईला घेऊन पडवीत बसा आणि एकेक नाव मोठ्याने वाचा. पुरुषांना आपल्या भावकीतली नावं माहीत असतात. कोण कुठून आली, कोण कधी गेली हे बायकांना माहीत असतं. आमच्याकडे असंच वाचताना एका नावावर सगळे अडले. सुलोचना, वय ५२, नवऱ्याचं नाव ओळखीचं, पण या नावाची बाई वाडीत कुणी नाही. नाव खोडायची शिफारस करायची असं ठरतही होतं. तेवढ्यात आजी म्हणाली, "अरे, ता शेवंतीचा म्हायारचा नाव!" आपल्याकडे लग्नात मुलीचं पहिलं नावही बदलतात. आधार कार्डावर एक, रेशनकार्डावर दुसरं आणि मतदार यादीत तिसरं असं असणाऱ्या बायका प्रत्येक वाडीत सापडतील. केंद्रावर ओळख पटवताना त्याच अडकतात, आणि एकदा सगळ्यांसमोर परत पाठवलेली बाई पुढच्या वेळी रांगेत उभी राहत नाही.

वाचताना वहीत चार खुणा करा: नाव बरोबर, नाव चुकलेलं, माणूस हयात नाही, आणि नावच नाही. त्यावरून अर्ज ठरतो. नव्याने नाव घालायचं असेल तर नमुना ६. नावातली, वयातली, फोटोतली चूक दुरुस्त करायची, पत्ता बदलायचा किंवा हरवलेलं ओळखपत्र पुन्हा मिळवायचं तर नमुना ८. मयत किंवा कायमचे निघून गेलेल्यांचं नाव काढायचं तर नमुना ७. तिन्ही अर्ज निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरून किंवा ॲपवरून करता येतात, आणि नेटवर्क नसलेल्या वाडीत कागदावर भरून बीएलओकडे देता येतात. १९५० हा मदतीचा क्रमांक आहे. नमुना ७ मात्र जपून वापरा. वितुष्ट आलेल्या भावाचं नाव काढायला तो नाही, आणि अर्जात खोटं लिहिणं हा गुन्हा आहे.

नवीन मुलांसाठी पूर्वी १ जानेवारी ही एकच तारीख होती. आता वर्षात चार तारखा आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. त्या तारखेला अठरा पूर्ण होत असतील तर नाव घालता येतं, आणि सतरा पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. मी या तारखा गावच्या कॅलेंडरला बांधून टाकल्यात. शिमग्यात पोरं गावी असतात, तेव्हा एप्रिलची तारीख. गणपतीत असतात, तेव्हा ऑक्टोबरची. आरतीनंतर प्रसाद वाटताना मोबाइल हातात असतोच, तिथेच अर्ज भरून होतो.

निवडणूक जाहीर झाल्यावरही उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या साधारण दहा दिवस आधीपर्यंत आलेले अर्ज विचारात घेतले जातात. पण तेवढ्यावर विसंबू नका. तहसील कार्यालयात त्या दिवसांत गर्दी असते आणि एक कागद राहिला की अर्ज परत येतो.

चाकरमान्यांची दोन नावं

हा आपल्याकडचा नाजूक विषय आहे, तरी टाळू नका. गावातही नाव आणि मुंबईतही नाव, असं असलेली कुटुंबं पुष्कळ आहेत. त्यांच्या मनात लबाडी नसते. गावचं नाव म्हणजे घराशी असलेलं नातं, ते काढायचं म्हणजे घरातून नाव कमी केल्यासारखं वाटतं. पण कायद्यात एका माणसाचं नाव एकाच ठिकाणी असू शकतं, जिथे तो नेहमी राहतो तिथे. नुसतं घर किंवा जमीन गावात आहे म्हणून गावचा मतदार होता येत नाही.

त्यांना हे समजावताना गावच्या नात्याला धक्का लावू नका. वर्षातले अकरा महिने नालासोपाऱ्यात काढणाऱ्याला तिथलं पाणी आणि तिथली लोकल या गोष्टी रोज भेटतात, आणि त्याचं मत तिथे हलकं नाही. २०२४ च्या लोकसभेत मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघाचा निकाल ४८ मतांनी लागला. जोगेश्वरी-गोरेगावचा तो भाग, जिथे आपल्या किती वाड्यांची माणसं राहतात. त्या दिवशी किती जण घरी थांबले असतील, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

ज्यांचं नाव रीतसर गावात आहे, म्हणजे मुलगा कामानिमित्त तात्पुरता बाहेर आहे, त्यांच्यासाठी तारीख जाहीर झाली त्याच दिवशी मुंबई मंडळाच्या ग्रुपवर कळवा. कोकण रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे तारीख कळेपर्यंत कोकणकन्या आणि तुतारी भरलेली असू शकते. एसटीचं लगेच बघा. मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी हा नोकरदार मतदाराचा हक्क आहे, लोकप्रतिनिधित्व कायद्यात तशी तरतूद आहे. मालकाला ते सांगायला मुलं कचरतात. दोघातिघांनी मिळून सांगावं.

मुंबईहून फुकट गाडी येतेय असा निरोप आला तर विचारा, पैसे कोणाचे. उमेदवाराने किंवा त्याच्या माणसांनी मतदारांची ने-आण फुकट करणं हा कायद्याने भ्रष्ट आचार आहे. आपलं भाडं आपण भरावं.

"काय होतला?" याला काय उत्तर द्यायचं

पहिलं म्हणजे, लगेच उत्तर देऊ नका. माणूस असं म्हणतो तेव्हा त्याच्या मनात एक ठरावीक गोष्ट असते: साकव वाहून गेला आणि पुन्हा झाला नाही, आंब्याला करपा लागला आणि पंचनाम्याला कुणी आलं नाही, प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री डॉक्टर नव्हता. ती गोष्ट विचारून काढा आणि पूर्ण ऐका. मध्येच लोकशाहीवर बोलायला लागलात तर संपलं. ऐकून झाल्यावर ती गोष्ट वहीत लिहून घ्या, त्याच्यासमोर. पुढे तिचा उपयोग आहे.

मग मला विचाराल तर मी रेल्वेची गोष्ट सांगतो. बॅरिस्टर नाथ पै १९५७ साली राजापूर मतदारसंघातून लोकसभेत गेले आणि कोकण रेल्वेची मागणी त्यांनी तिथे लावून धरली. जानेवारी १९७१ मध्ये ते गेले, तेव्हा रेल्वेचा पत्ता नव्हता. त्यानंतर प्राध्यापक मधु दंडवते याच मतदारसंघातून १९७१ ते १९८९ सलग पाच वेळा निवडून आले. १९९० मध्ये जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं, ई. श्रीधरन यांच्याकडे काम आलं. १९९१ च्या निवडणुकीत दंडवते हरले. काम थांबलं नाही. २६ जानेवारी १९९८ पासून पूर्ण मार्गावर गाडी धावायला लागली. ज्या आजोबांनी १९५७ ला मत दिलं त्यातले कितीतरी त्या गाडीत बसलेच नाहीत. त्यांचं मत वाया गेलं असं कोण म्हणेल? एक मागणी चाळीस वर्षं जिवंत ठेवायला दर पाच वर्षांनी कुणीतरी रांगेत उभं राहत होतं. माझ्या दृष्टीने आशा म्हणजे एवढंच. निकाल आपल्या बाजूचा लागेल याची खात्री तिच्यात नसते.

तरुण पोरांचं म्हणणं वेगळं असतं: सगळे सारखेच. त्यांच्याशी वाद घालू नका, कामाला लावा. प्रत्येक उमेदवाराला आपलं शिक्षण, मालमत्ता, कर्ज आणि आपल्यावरचे गुन्हेगारी खटले शपथपत्रात जाहीर करावे लागतात. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांमुळे २००३ पासून हे चालू आहे. शपथपत्रं आयोगाच्या संकेतस्थळावर बघायला मिळतात. दोन-तीन मुलांना सांगा, सगळ्या उमेदवारांची शपथपत्रं वाचा आणि पारावर वाचून दाखवा. टीका नाही, नुसतं वाचन. सारखेच आहेत का हे मग त्यांचं तेच ठरवतात.

आणि एका मताच्या किमतीबद्दल कुणी विचारलंच, तर लांबची उदाहरणं नकोत. २०१४ ला रायगड लोकसभेत अनंत गीते यांनी सुनील तटकरे यांना २,११० मतांनी हरवलं. त्याच यंत्रावर सुनील तटकरे याच नावाचे आणखी एक उमेदवार होते आणि त्यांना साडेनऊ हजारांहून जास्त मतं पडली. मत कुणाला द्यायचं ते ठरवून गेलेल्या माणसानेही बटणाशेजारचं चिन्ह आणि फोटो नीट बघावा, हे मी तेव्हापासून प्रत्येक घरात सांगतो.

ग्रामपंचायतीला तर प्रभाग एवढेसे असतात की दोन-चार मतांनी निकाल फिरतो. समसमान मतं पडली की चिठ्ठी टाकावी लागते.

बहिष्कार, नारळ आणि पाकीट

रस्ता नाही तर मत नाही, असा ठराव वाडी करते तेव्हा त्यामागे खरी वेदना असते. त्या लोकांना उपदेश करायला मी जाणार नाही. एक माहिती मात्र जरूर देतो: निकालानंतर प्रत्येक केंद्रावर कुणाला किती मतं पडली आणि 'नोटा'ला किती, हे सगळं जाहीर होतं. पुढच्या वेळी उमेदवारांची माणसं तो कागद घेऊन बसतात. ज्या केंद्रावर मतदानच नाही, तिथे मागणारा कुणी नाही असं त्यांच्या हिशेबात धरलं जातं. जिथे नव्वद टक्के मतदान होतं, तिथे प्रचाराच्या पहिल्या आठवड्यात माणूस पोचतो. कुणीच नको असेल तर २०१३ पासून 'नोटा'चं बटण आहे. लोकसभा-विधानसभेला त्याने निकाल बदलत नाही, पण नाराजी मोजली जाते. आणि रस्त्याची मागणी लेखी, सह्यांसह, सगळ्या उमेदवारांना द्या. पोच घ्या.

देवळात नारळ ठेवून अमुकलाच मत द्यायची शपथ घालणं आपल्याकडे अजून चालतं. मोडली तर देव बघून घेईल, या भीतीने बाया-माणसं मनाविरुद्ध मत देतात किंवा दोन्हीकडून सुटायचं म्हणून जातच नाहीत. देवाच्या कोपाची भीती घालून मत मागणं हे लोकप्रतिनिधित्व कायद्याखाली गैर दडपणात मोडतं. घाबरलेल्या माणसाला शांतपणे सांगा की मत गुप्त आहे, आत पडद्यामागे तो आणि यंत्र एवढेच असतात. गावकरीतल्या मोठ्या माणसांशीही बोला. त्यांच्यातल्या पुष्कळांना हे आवडत नाही, फक्त पहिला शब्द कुणीतरी काढावा लागतो.

पाकिटाबद्दल थोडक्यात: देणारा आणि घेणारा, दोघंही गुन्हेगार ठरतात. 'सी-व्हिजिल' ॲपवर फोटो किंवा व्हिडिओ टाकता येतो, नाव न देताही तक्रार होते आणि १०० मिनिटांत कार्यवाही अपेक्षित असते.

आदल्या आठवड्यात

वहीत आता घरवार नावं आहेत. प्रत्येकापुढे तो कधी आणि कसा जाणार ते लिहा. नुसतं "येणार ना?" असं विचारलं की सगळे हो म्हणतात. "आंब्याच्या पेट्या भरून झाल्यावर जाशील की सकाळी काढणीच्या आधी?" असं विचारलं की माणूस स्वतःचा दिवस मनात मांडतो, आणि मग जातो. मे महिन्यात मतदान असेल तर उन्हाच्या आधी, साडेनऊच्या आत म्हातारी माणसं उरकावीत. नोव्हेंबरात असेल तर भातझोडणी बघून. मच्छीमारांशी आठवडाभर आधी बोला. मोठ्या बोटी एकदा बाहेर गेल्या की कित्येक दिवस परतत नाहीत, आणि खलाशाला टपालाने मत देता येत नाही. बंदरावरच्या सोसायटीने आणि बोटमालकांनी आधी ठरवलं तर फेरी एक दिवस पुढेमागे होऊ शकते. हे तांडेलाच्या कानावर घाला, मालकाकडे तोच बोलेल.

लोकसभा आणि विधानसभेला ८५ च्या वरच्या मतदारांना आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्यांना घरून मत देता येतं. त्यासाठी नमुना १२-ड भरून अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांच्या आत द्यावा लागतो. म्हणजे प्रचाराचा भोंगा वाडीत यायच्या आधीच ही मुदत संपते. अधिसूचना निघायच्या आधीच अशा घरांची यादी तयार ठेवा. एकदा हा पर्याय घेतला की केंद्रावर मत देता येत नाही, आणि काही आजोबांना केंद्रावरच जायचं असतं. त्यांना विचारा. आयोगाच्या ॲपवरून चाकाच्या खुर्चीची मागणी नोंदवता येते.

केंद्र दूर असेल तर एसटीची वेळ बघून ठेवा. पंचाहत्तरीच्या वरच्यांना एसटी फुकट आहे, बायकांना अर्धं तिकीट. रिक्षा केली तर भाडं मतदारांनीच वाटून द्यावं.

मतदानाचा दिवस

मतदार चिठ्ठी हा ओळखीचा पुरावा नाही, यावरून दर वेळी घोटाळा होतो. सोबत मतदार ओळखपत्र हवं, किंवा आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेलं बँकेचं वा पोस्टाचं पासबुक, रोजगार हमीचं जॉबकार्ड यांपैकी काही. चिठ्ठीचा उपयोग अनुक्रमांक पटकन सापडण्यासाठी.

लोकसभा-विधानसभेला बटण दाबल्यावर शेजारच्या काचेत चिन्हाची कागदी चिठ्ठी सात सेकंद दिसते. ती बघूनच बाहेर या. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीला दोन वेगळी मतं द्यायची असतात आणि ग्रामपंचायतीला सरपंच धरून त्याहूनही जास्त. हे घरूनच सांगून पाठवा, कारण एक बटण दाबून परत फिरणारे पुष्कळ असतात.

तुमच्या नावावर कुणी आधीच मत देऊन गेलं असेल तर भांडत परत फिरू नका. 'प्रदत्त मत' मागा. केंद्राध्यक्षाला ओळख पटली की मतपत्रिकेवर तुमचं मत घेतलं जातं.

यंत्रावर विश्वास नाही असं म्हणणाऱ्याला केंद्रावर त्याच्या उमेदवाराचा मतदान प्रतिनिधी म्हणून बसायला सांगा. मतदान सुरू व्हायच्या आधी प्रतिनिधींसमोर किमान ५० मतांची चाचणी होते. संध्याकाळी किती मतं नोंदली गेली याचा नमुना १७-क प्रतिनिधीला मिळतो. त्यातला आकडा मोजणीच्या दिवशी ताडून बघता येतो.

दुपारी दोन वाजता वही घेऊन एक फेरी मारा. जे गेले नाहीत त्यांच्याकडेच जा, जास्त न बोलता. कुणाची गाय व्यायलेली असते, कुणाकडे बाळाला धरायला माणूस नसतं. बाळ धरा. लोकसभा-विधानसभेला मतदान साधारण संध्याकाळी सहापर्यंत असतं आणि वेळ संपताना रांगेत असलेल्या प्रत्येकाला मत देता येतं, हे उशिरा निघणाऱ्याला सांगा. केंद्रापासून १०० मीटरच्या आत प्रचाराचा एक शब्दही नको.

निकालानंतर

अर्ध्या वाडीला निकाल आवडणार नाही, कुठलाही लागला तरी. त्या आठवड्यात निराशेची लाट सगळ्यात मोठी असते आणि नेमका तेव्हाच वाडीतला कार्यकर्ता गायब होतो. तुम्ही होऊ नका. घरोघरी ऐकून लिहिलेल्या तक्रारी काढा, त्यातल्या सारख्या एकत्र करा आणि एक, फार तर दोन निवडा. नव्या प्रतिनिधीला त्याचं लेखी पत्र द्या. हरलेल्या उमेदवारालाही प्रत द्या. प्रचारात त्याने पाहिलेला तो रस्ता आता त्याच्याही लक्षात राहू दे. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा व्हावी लागते, तिथे विषय घ्यायला लावा आणि इतिवृत्तात आला का ते तपासा. काम कुठे अडलं हे कळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. बायकांना पुढे बसवा. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा त्यांच्या आहेत, आणि पाण्याच्या टाकीचं नेमकं काय झालं ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

वही मात्र टाकून देऊ नका. मागच्या पानावर वाडीतल्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरापोरींची नावं जन्मतारखेसह लिहून ठेवा, आणि लग्न होऊन आलेल्या सुनांची, दोन्ही नावांसह.